नॉर्वेतली टिकवलेली मासळी: काय घरी करायचं आणि काय विकतच आणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे अलिबागचे आहेत, सहा महिन्यांपूर्वी बर्गनला आलेत. दुकानात तोरफिस्क, क्लिपफिस्क, लुटेफिस्क, राकफिस्क आणि ग्राव्हलाक्स अशी पाच नावं बघून गोंधळलेत. घरी आई सुके बोंबील, खारा बांगडा सगळं करायची, त्यामुळे यातलं काय घरी जमेल असं विचारतायत. बाल्कनीत कॉड वाळवायचा आणि राकफिस्क लोणच्यासारखा बरणीत मुरवायचा असा त्यांचा बेत आहे. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे आणि डिसेंबरमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नाताळच्या जेवणाला दोघांना बोलावलंय.

मी वेंगुर्ल्याची. गेली तेरा वर्षं नॉर्वेत हॉटेलच्या किचनमध्ये काम करते, पहिली चार बर्गनलाच होते, आता उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर आहे. नवरा दक्षिणेकडच्या वाल्द्रेस खोऱ्यातला आहे आणि सासरे दर वर्षी घरी राकफिस्क घालतात, त्यामुळे या पाचही गोष्टी माझ्या हाताखालून गेल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर चालवून घ्या.

आधी एक सांगते. तुमचा प्रश्न "फरक काय" असा दिसतो पण खरा प्रश्न वेगळा आहे. मासा पाण्याबाहेर आला की सडायला लागतो, आणि या प्रत्येक प्रकारात त्याला कोणीतरी अडवून धरलेलं असतं. कुठे वारा, कुठे मीठ, कुठे आंबवणं. तो अडवणारा कोण हे कळलं की घरी करायचं का नाही हे आपोआप ठरतं. आपल्याकडे बोंबलाला ऊन अडवतं आणि बांगड्याला मीठ. इथे ऊन नाही, तर या लोकांनी दुसरं काय शोधलं, एवढीच गोष्ट आहे. आणि बरंच काही तुमची जागा कुठली, फ्रीज किती गार, मासा कुठून आणला यावर अवलंबून आहे, त्यामुळे मी सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. राकफिस्क सोडून. तिथे नाहीच म्हणणार आहे.

तोरफिस्कपासून सुरू करते कारण बाकीच्यांपैकी एक तरी यातूनच निघतो. जानेवारी ते एप्रिल या काळात बारेन्ट्स समुद्रातून मोठा कॉड अंडी घालायला लोफोतेनला येतो, त्याला इथे स्क्रेई म्हणतात. तो पकडून डोकं आणि आतडी काढतात, दोन-दोन मासे शेपटीला दोरीने बांधतात आणि लाकडी मांडवावर टांगतात. मांडवाला येल म्हणतात. वर्सोव्याला किंवा वसईला बांबूवर बोंबील लटकवलेले बघितले असतील ना, बघितल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं होतं, फक्त इथे मासा हातभर लांब आणि खाली बर्फ. मिठाचा एक कण नाही लावत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नुसत्या वाऱ्यावर असतो, मग उतरवून आत हवेशीर गोदामात अजून दोन-तीन महिने ठेवतात. पाच किलो माशाचा साधारण एक किलो उरतो.

हे मिठाशिवाय कसं जमतं? लोफोतेन आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे पण समुद्रातून गरम प्रवाह येतो, त्यामुळे त्या महिन्यांत हवा शून्याच्या आसपासच रेंगाळते. खूप गोठलं तर माशाच्या आतल्या पाण्याचा बर्फ होऊन मांस भुसभुशीत होतं. जास्त उबदार झालं तर माश्या बसतात आणि आंबतं. ही मधली अरुंद पट्टी आणि कोरडा वारा, दोन्ही एकत्र मिळतात म्हणून तिथे होतो. तुम्ही बर्गनला आहात, तिथे वर्षात दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. बाल्कनीत टांगलात तर मासा वाळण्याआधी बुरशी धरेल, शिवाय शेजारी तक्रार करतील ते वेगळंच. म्हणून हा विकतच आणा. पण बर्गनला आहात तर एकदा ब्रिग्गेनला नीट जाऊन या, ती बंदरावरची तिरकी झालेली लाकडी घरं. चौदाव्या शतकापासून हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी तिथे बसून उत्तरेकडून आलेला तोरफिस्क घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. लोफोतेनला धान्य पिकत नाही, मासा होता म्हणून तिथे माणूस टिकला.

उतरवल्यावर माशाची प्रत ठरवणारा माणूस असतो, त्याला व्राकर म्हणतात. माझ्या घराजवळच्या गोदामात मी बघितलंय, तो मासा हातात घेतो, उजेडाकडे धरतो, मानेशी वास घेतो, पोटाच्या आत बघतो आणि ढिगावर फेकतो, एका माशाला काही सेकंद, आणि वीसेक प्रती असतात. सगळ्यात चांगला इटलीला जातो. डोकी वेगळी वाळवून नायजेरियाला जातात, तिथे रश्शात घालतात. इटलीचं वेड जुनं आहे, 1432 साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा कप्तान जहाज बुडाल्यावर वाहत वाहत लोफोतेनच्या टोकाला रोस्त बेटावर पोचला, तिथल्या कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना महिनोन्‌महिने सांभाळलं, आणि परत जाताना तो हा मासा घेऊन गेला. रोस्तच्या लोकांना ही गोष्ट आजही तोंडपाठ आहे आणि ते फार प्रेमाने सांगतात.

घरी वापरायचा असेल तर दोन मासे एकमेकांवर आपटून बघा, लाकडासारखा खणखणीत आवाज यायला हवा. मग थंड पाण्यात पाच ते सात दिवस, पाणी रोज बदलायचं, आणि पातेलं फ्रीजमध्येच, कारण मासा फुगायला लागला की तो परत ताज्या माशासारखा नाशवंत होतो. हे बरेच जण विसरतात. सुका होता तोवर कपाटात वर्षभर चालला, ओला केला की घड्याळ सुरू झालं. सोडे आपण तासभर भिजवून टाकतो त्या सवयीने हा करायला जाल तर मध्ये लाकूड राहील. आणि नुसता खायचा असेल तर हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोकून रेषा-रेषा सुटवतात आणि लोणी लावून चघळतात, इथली पोरं चिप्ससारखी खातात.

क्लिपफिस्क हा मात्र तुमच्या खाऱ्या बांगड्याचा सख्खा भाऊ. कॉड उभा चिरून कण्याचा मोठा भाग काढतात, सपाट उघडतात, जाड मिठात थरावर थर काही आठवडे ठेवतात आणि मग वाळवतात. पूर्वी समुद्रकाठच्या सपाट खडकांवर वाळवायचे, क्लिप म्हणजे खडक, त्यावरून नाव पडलं. पावसाचा थेंब दिसला की बायका धावत जाऊन ढीग रचून झाकायच्या, ऊन आलं की परत पसरायच्या. क्रिस्तियानसुनच्या बंदरावर अशा बाईचा पुतळा आहे आणि तो बघून मला आमच्या बंदरावरच्या बायकाच आठवल्या. हा धंदा तिथे 17व्या शतकाच्या शेवटी याप्पे इप्पेस नावाच्या एका डच व्यापाऱ्याने सुरू केला. आता सगळं गोदामात पंख्याखाली वाळतं.

इथे एक गोंधळ आधीच सोडवून टाकते. पोर्तुगालचा बाकल्याव म्हणजे हाच खारवलेला कॉड, आणि पोर्तुगीजांमुळे तो गोव्यातही आला, गोव्यातल्या जुन्या ख्रिश्चन घरांत आजही करतात. पण इटलीत विचेन्झाला ज्याला बाकाला म्हणतात तो बिनमिठाचा तोरफिस्क असतो. आणि नॉर्वेत बाकालाओ म्हटलं की मासा नाही, क्लिपफिस्क, बटाटा, कांदा, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाचा शिजवलेला पदार्थ. म्हणून इंटरनेटवर रेसिपी शोधताना आधी मासा कुठला ते बघा, नाहीतर बिनमिठाच्या माशाला दोन दिवस भिजवून मीठ न घालता फिकं जेवण कराल किंवा उलटं.

घरी करायचं असेल तर मी तुम्हाला हेच सांगेन, बाकालाओ करा. क्लिपफिस्कमध्ये जवळजवळ पाचवा भाग मीठ असतं त्यामुळे सुरक्षित आहे, दुकानात मिळतो, आणि आपल्या जिभेला लगेच रुचतो. जाड तुकडे असतील तर दोन दिवस, पातळ असतील तर एक दिवस थंड पाण्यात, फ्रीजमध्ये, कातडी वर ठेवून म्हणजे मीठ खाली उतरतं, पाणी तीन-चार वेळा बदलायचं. मग सगळ्यात जाड तुकड्याच्या मधून चिमूटभर काढून उकळत्या पाण्यात टाका आणि चाखा. कडेचा तुकडा चाखू नका, तो कधीच खारट लागत नाही आणि तिथेच फसगत होते. पातेल्यात मासा, बटाट्याच्या चकत्या, कांदा, टोमॅटो असे थर, एक-दोन सुक्या लाल मिरच्या, भरपूर तेल, झाकण ठेवून मंद आचेवर. ढवळायचं नाही. चमचा घातलात की माशाचा चुरा होतो, दोन्ही कानांना धरून पातेलं हलवायचं. मीठ घालायचंच नाही, शेवटी बघायचं.

आता लुटेफिस्क, ज्याला तुम्हाला बोलावलंय असं वाटतंय, कारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोच असतो. लुट म्हणजे क्षार, पूर्वी बर्चच्या लाकडाची राख पाण्यात कालवून वरचं पाणी काढायचे, आता कॉस्टिक सोडा वापरतात. तोरफिस्क आठवडाभर पाण्यात, मग दोन-तीन दिवस क्षाराच्या पाण्यात, मग परत पाच-सहा दिवस साध्या पाण्यात रोज बदलून. आपल्याला हे ऐकून विचित्र वाटतं पण पापडखार कशाला घालतो, किंवा कोहळ्याच्या वड्या करताना चुन्याच्या निवळीत का ठेवतो? क्षाराने पदार्थाचा पोत बदलतो. इथे उलटी गंमत आहे, तिथे कोहळा कडक होतो आणि इथे माशातली प्रथिनं सुटी होतात, पाणी ओढून घेतात आणि लाकडासारखा मासा फुगून अर्धपारदर्शक, थरथरणारा होतो. कॉडच्या मांसात चरबी फार कमी म्हणून हे जमतं, चरबी असती तर क्षाराबरोबर तिचा साबण झाला असता. जास्त दिवस ठेवला तर कॉडचाही थोडाफार होतोच.

लक्षात घ्या, लुटेफिस्क हा टिकवायचा प्रकार नाहीच. टिकवायचं काम तोरफिस्क असतानाच झालं, क्षार फक्त त्याला परत मऊ करतो. तयार लुटेफिस्क चार-पाच दिवसांत शिजवावा लागतो. घरी कॉस्टिक सोड्याचे प्रयोग करू नका, विशेषतः घरात बाळ येणार आहे तेव्हा. धुणं कमी पडलं तर तोंड आणि घसा भाजतो. दुकानात धुतलेला, शिजवायला तयार मिळतो तो आणा.

शिजवताना मी पहिल्या वर्षी चूक केली ती सांगते. सासरची नऊ माणसं जेवायला होती आणि मी आपल्या सवयीने पातेल्यात पाणी उकळून त्यात मासा सोडला. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर मासा नव्हता, गढूळ पाणी आणि खाली कातडी. लुटेफिस्कमध्ये आधीच इतकं पाणी असतं की अजून पाणी घालायचं नसतं. ओव्हनच्या ट्रेमध्ये कातडी खाली करून ठेवा, वरून मीठ पेरा, मिठाने पाणी सुटतं आणि मांस जरा घट्ट धरतं, फॉइलने झाका, 200 अंशांवर तीस-चाळीस मिनिटं, मध्येच सुटलेलं पाणी ओतून टाका. पापुद्रे सुटायला लागले की झालं, बोटाने दाबल्यावर थोडा तग धरला पाहिजे. ट्रे स्टीलचा किंवा काचेचा घ्या, ॲल्युमिनियमचा नको, क्षाराने काळा पडतो. फॉइलही माशाला टेकू देऊ नका.

माशाला स्वतःची चव फार थोडी असते, खरं जेवण बाजूच्या गोष्टींनी होतं: बेकनचे तुकडे त्यांच्या गरम चरबीसकट, सुक्या वाटाण्याचं घट्ट पिठलं म्हणावं असं कालवण, उकडलेले बटाटे, मोहरीची चटणी. काही भागांत वर पाक घालतात, काही ठिकाणी ब्राऊन चीज किसतात, आणि कुणाचं बरोबर यावर घराघरांत वाद होतात, त्या वादात पडू नका. यजमान जसं वाढतील तसं पहिल्या वाढपाला खा. डुकराचं खात नसाल तर आधी सांगून ठेवा, वितळलेलं लोणी देतात, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

आता राकफिस्क. इथे मी जरा कडक लिहिणार आहे.

लोणच्यासारखं बरणीत मुरवायचं असं तुम्ही लिहिलंय आणि तुलना चुकीची नाही, म्हणूनच धोक्याची आहे. लोणच्यात कैरीची आंबटी पहिल्या दिवसापासून असते, वर भरपूर मीठ, तेल. राकफिस्कमध्ये गोड्या पाण्यातला ट्राऊट किंवा 'चार' नावाचा (आकडा नव्हे) मासा असतो, आंबटी नाही, आणि मीठ मुद्दाम कमी, कारण जास्त घातलं तर तो मुरतच नाही. सासरे शरद ऋतूत तलावातून आणतात, निदान पाऊण किलोचा एक. कल्ले काढतात, पोट चिरतात आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ चमच्याच्या टोकाने खरवडून काढतात, एक ठिपका राहू देत नाहीत. मासा जमिनीला लागला तर तो बाजूला जातो, मातीत जे जंतू असतात ते नकोत. किलोला साठ ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर, चमच्याने नाही, आणि चिमूट साखर. पोट वर करून बादलीत घट्ट रचतात, वर ताटली आणि दगड. दोन-तीन दिवसांत स्वतःचं पाणी सुटून मासा बुडतो. मग चार ते सहा अंशांत तळघरात तीन महिने.

साठच ग्रॅम का? माशात साधारण तीन-चतुर्थांश पाणी, म्हणजे किलोमागे 750 ग्रॅम. त्यात साठ ग्रॅम मीठ विरघळलं की पाण्यात सात टक्क्यांच्या वर खारटपणा येतो. बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, तिचा जो जंतू माशात सापडतो तो पाच टक्क्यांच्या पुढे वाढत नाही. आता "मीठ कमी खावं" म्हणून तीस ग्रॅम घातलंत तर चार टक्क्यांच्या आत राहिलात आणि त्याला रान मोकळं. तो जंतू हवेशिवाय वाढतो, म्हणजे घट्ट बंद बरणी त्याला सोयीचीच, आणि तीन-चार अंशांतही वाढतो म्हणून नुसत्या फ्रीजच्या भरवशावर राहता येत नाही. त्याच्या विषाला वास नाही, चव नाही. आणि राकफिस्क कच्चाच खातात, शिजवून विष मारायची संधीच नाही. घरच्या राकफिस्कमुळे नॉर्वेत माणसं हॉस्पिटलात गेलेली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांच्या घरची.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी एक बादली उघडली तर एका बाजूने पाणी झिरपून खाली गेलेलं, वरचे तीन मासे उघडे पडलेले. बाकीचे वीस-बावीस मासे पाण्याखाली होते, रंग चांगला, वास नेहमीचा. मी म्हटलं वरचे तीन काढूया. ते काही बोलले नाहीत, झाकण परत लावलं आणि आख्खी बादली टाकून दिली. वर्षभराचा मासा होता, त्यांना रात्री जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं करणारा माणूस असा वागतो. म्हणून तुम्ही पहिल्या वर्षी फ्लॅटमध्ये करू नका, कळकळीने सांगते. वाल्द्रेसमधले परवाना असलेले उत्पादक तपासणी करून विकतात, तो आणा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फागरनेसला राकफिस्कचा मोठा उत्सव भरतो, ट्रेन आणि बसने जाता येतं, तिथे वेगवेगळ्या घराण्यांचे चाखता येतात. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पिठाची मऊ पातळ पोळी, त्यावर मासा, कच्चा कांदा आणि रोम्मे, म्हणजे आंबट साय. वास उग्र आहे पण चव सौम्य, मला पहिल्या घासापासून आवडला.

ग्राव्हलाक्स सोपा आहे, पटकन सांगते. ग्राव्ह म्हणजे पुरलेला, पूर्वी जमिनीत पुरून आंबवायचे, आता फक्त नाव राहिलंय. सामनच्या, म्हणजे सॅल्मन माशाच्या, किलोभर तुकड्याला चार चमचे मीठ, तेवढीच साखर, मिरपूड आणि मूठभर शेपू, आपला शेपूच. दोन तुकडे समोरासमोर, पिशवीत, वर वजन, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, रोज उलटायचं. मत्स्यशेतीतला सामन कोरडं खाद्य खाऊन वाढतो त्यामुळे त्यात कृमींची भीती जवळपास नसते, पण नदीतला किंवा समुद्रातला पकडलेला असेल तर आधी फ्रीजरमध्ये उणे वीसला ठेवा. नियम चोवीस तासांचा आहे, घरचा फ्रीजर तितका भरवशाचा नसतो म्हणून मी आठवडा ठेवते. आणि हा टिकाऊ नाही, चार-पाच दिवसांत संपवा.

तर बायकोचं. गरोदरपणात राकफिस्क आणि ग्राव्हलाक्स पूर्ण बंद, दुकानातला पॅकबंद स्मोक्ड सामनसुद्धा. कारण लिस्टेरिया नावाचा जंतू, तो फ्रीजमध्येही वाढतो आणि आईला साधा ताप येऊन जातो पण बाळाला जिवावरचं होऊ शकतं. इथलं अन्नसुरक्षा खातंही गरोदर बायकांना हेच सांगतं. चांगला शिजवलेला लुटेफिस्क, बाकालाओ, भिजवून शिजवलेला तोरफिस्क हे तिने खुशाल खावं. सहकाऱ्याला आजच एक मेसेज टाका की ती गरोदर आहे, पुढचं त्यांना कळतं. राकफिस्क टेबलावर असेल तर त्याच सुरीने कापलेलं, त्याच ताटलीतलं दुसरं काही तिला नको, एवढं बघा.

क्लिपफिस्क शनिवारी करणार असाल तर गुरुवारी संध्याकाळी भिजत घाला. बर्गनच्या मासळीबाजारात पर्यटकांच्या रांगेत घेऊ नका, महाग पडेल, साध्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये आधीच पाण्यात काढलेलाही मिळतो, पाकिटावर उटवॅनेट असं लिहिलेलं असतं. तो घेतलात तर भिजवायची गरज नाही, पण चाखून मगच पातेल्यात घाला.